तिसऱ्या पिंपावरची पोती

आपा, तू गेलीस त्याला आज एकोणीस दिवस झाले. तुझी तीन निळी पिंपं अजून डेअरीच्या मागच्या अंगणातच उभी आहेत. दूध न्यायला आलेले लोक नाक वर करतात आणि विचारतात, "रशीदभाई, दुधाबरोबर डिझेल पण विकायला लागलात काय?" पूर्वी मी हसून म्हणायचो, "आपाला विचारा."  आता मी नुसता पिशवीत दूध ओतत राहतो.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली म्हणजे विसरलो असं नाही. मी सांगितली नाही. तू आजारी होतीस, तू खूश होतीस, आज नको उद्या सांगू, अशी कारणं देत बसलो, आणि मग तो उद्या आलाच नाही. म्हणून हे लिहितोय. तू असतीस तर लाल पेन घेऊन बसली असतीस आणि म्हणाली असतीस, "रशीद, पाल्हाळ लावू नको, मुद्द्यावर ये." येतो. पण माझ्या पद्धतीने येऊ दे, निदान आज तरी.

कोकणातल्या कॉलेजात तू आयुष्यभर जंतू शिकवलेस. सुट्टीत घरी आलीस की तिथल्या बंदराच्याच गोष्टी. होड्यांच्या तळात साचलेलं तेलकट पाणी तिथे खाडीत सोडून देतात, पाण्यावर रंगीत तवंग धरतो, आणि खडकावरची कालवं काढणाऱ्या बायकांच्या टोपलीला डिझेलचा वास येतो. गिऱ्हाईक टोपली हुंगतं आणि पुढे जातं. हे सांगताना तुझा आवाज चढायचा. अब्बा म्हणायचे, "कालवं त्यांची, राग आमच्या घरात कशाला?" पण तू ते प्रकरण सोडलं नाहीस. त्याच खाडीतल्या काळ्या गाळातून तू तेल खाणारे जंतू शोधून काढलेस. रिटायर होऊन लोणावळ्याला फ्लॅट घेतलास तेव्हा आम्हाला वाटलं, आता आपा हवा खात बसेल. तू सहा महिन्यांत गॅलरीत समुद्राचं पाणी आणून ठेवलंस. सोसायटीवाल्यांनी दम दिला तेव्हा तुला धाकटा भाऊ आठवला.

आठवतं ना, मासळीचा टेम्पो लोणावळ्याच्या बाजारात माल उतरवून तसाच पुढे कामशेतला माझ्या डेअरीवर आला होता. बर्फाच्या पेट्यांच्या मागे समुद्राच्या पाण्याचे बावीस कॅन. ड्रायव्हर मला म्हणाला, "शेठ, मासे नुसतं पाणी पाठवायला लागले की काय?" आम्ही दोघांनी ते कॅन पिंपांत रिकामे केले. तू दम लागून मधेच पायरीवर बसलीस आणि तिथूनच हुकूम सोडत राहिलीस. पहिल्या पिंपात फक्त पाणी आणि डिझेल. दुसऱ्यात पाणी, डिझेल आणि थोडं खत. तिसऱ्यात हे सगळं आणि वर तुझे जंतू. मी विचारलं, "खत कशाला? जंतू काय भात लावणार आहेत?" तू समजावलंस की समुद्रात असे जंतू मुळातच असतात, थोडे थोडे. डिझेल मिळालं की त्यांना खायला मिळतं, पण नुसत्या तेलावर ते वाढत नाहीत, खतातलं सत्त्वही लागतं. आता प्रश्न एवढाच होता, की आहेत त्यांना नुसतं खत घातलं तर भागतं, की बाहेरून वाढवलेले जंतूही ओतावे लागतात.

मी म्हटलं, "म्हणजे विरजण."

"विरजण नाही रे. हे दही नाही."

"दुधात थोडं दही घालायचं आणि वाट बघायची. मग वेगळं काय आहे?"

"वेगळं हे आहे की तू मोजत नाहीस आणि मी मोजते."

हे भांडण आपलं शेवटपर्यंत चाललं. तू 'हे दही नाही' म्हणायचीस आणि मी मुद्दाम 'विरजण लागलं का' विचारायचो. शेवटी शेवटी तू स्वतःच फोनवर विचारायला लागलीस, "काय रे, लागलं का?" तेव्हा मी जिंकलो असं मला वाटलं होतं.

तू दर रविवारी दुपारी लोणावळ्याहून यायचीस. बाकीचे सहा दिवस ही पिंपं माझ्याकडे. रोज बाराच्या सुमाराला प्रत्येक पिंपात थर्मामीटर घालायचा, वहीत आकडा लिहायचा, काठीने ढवळायचं, प्रत्येक पिंपाची काठी वेगळी. मी एकदाही काठ्यांची अदलाबदल केली नाही. दुधाच्या धंद्यात एवढी शिस्त असते, आपा. एका भांड्याचा चमचा दुसऱ्यात गेला की सगळं दूध फाटतं, हे मला कुणी शिकवावं लागत नाही.

पण थंडी पडली. यंदा मावळात थंडी कशी पडली होती ते तुला माहीत आहे. सकाळी कॅन घेऊन येणाऱ्या लोकांची बोटं आखडायची. डेअरीतलं दही दुपारपर्यंत लागेना. पवनेच्या अंगाच्या वाडीवरून दूध घेऊन येणारी सखूमावशी मला म्हणाली, "आरं, थंडीचं विरजान आसं उघड्यावर लागतंय व्हय? गिरणीतनं तुसाची पोती आन, भवतीनं लाव. आमी मडकं कणगीत ठिवतो, तवा कुटं दही धरतं." तिचं खरंच होतं. भातगिरणीतून तुसाची सहा पोती आणली आणि दह्याच्या पातेल्यांभोवती रचली. दुसऱ्या दिवशी दही छान घट्ट.

त्याच संध्याकाळी मी मागच्या अंगणात गेलो. तिन्ही पिंपं गारठलेली. आणि माझ्या मनात आलं, की आपाचं विरजण पण गारठत असेल.

पुढचं तुला कळलंच असेल. मी आणखी आठ पोती आणली आणि तिसऱ्या पिंपाभोवती रचली. वरून एक जुनं घोंगडं टाकलं. फक्त तिसऱ्या. पहिल्या दोन पिंपांत विरजण नव्हतंच, मग त्यांना ऊब कशाला? दह्याच्या पातेल्याला आपण गुंडाळतो, दुधाच्या कॅनला नाही. हा माझा हिशेब. रोज संध्याकाळी पोती लावायची, सकाळी ऊन आलं की काढून ठेवायची. तू येशील त्या रविवारी दुपारी पोती गोठ्यात असायची. लपवून नाही, आपा, अल्लाची शपथ. सकाळी काढायचीच असतात म्हणून.

एका रविवारी वही चाळताना तू थांबलीस. म्हणालीस, "तिसरं एखाददुसऱ्या अंशाने गरम कसं?" मी तोंड उघडलं होतं. पण मग वाटलं, आता ही म्हणणार, रशीद, किती वेळा सांगू, हे दही नाही, आणि माझ्याच बायकोसमोर, शबानासमोर, दर रविवारी माझी खेचणार. मी गप्प बसलो. तू इकडेतिकडे पाहिलंस आणि स्वतःच म्हणालीस, "भिंतीची धग लागत असेल." मी मान हलवली. एवढंच. एवढ्याशा मान हलवण्याने काय होतं, असं मला तेव्हा वाटलं.

जग इकडचं तिकडे झालं तरी तू कुणावर एका फटक्यात विश्वास ठेवायची नाहीस. विद्यार्थ्याने आकडा आणला की दोनदा विचारायचीस. मला एकदाच विचारलंस. मी भाऊ म्हणून. या गोष्टीचा मला तुझा रागही येतो, खोटं कशाला सांगू. दोनदा विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं.

सातव्या रविवारी तिसऱ्या पिंपावरचा तवंग फुटून ठिपके ठिपके झाले होते, पाणी ताकासारखं गढुळलं होतं आणि वास जवळजवळ गेला होता. दुसऱ्यात निम्माअर्धा होता, पहिल्यात होता तसाच. तू बोट बुडवून हुंगलंस. इतकी वर्षं मी तुला पाहतोय, तू कधी नाचलीस असं मला आठवत नाही. त्या दिवशी तू ऑक्सिजनची नळी सावरत अंगणात जागच्या जागी दोन पावलं टाकलीस. शबाना दारात उभी राहून हसत होती, मी चहाचा ट्रे घेऊन. तू लगेच बंदरावर हिराबाईंना फोन लावलास. कालवं काढणाऱ्या बायकांची ती पुढारी, हे नाव मी तुझ्याकडून शंभरदा ऐकलं होतं. तू म्हणालीस, "हिराबाई, लागलं हो. तिन्ही पिंपांना सगळं सारखं होतं. पाणी एक, ऊन एक, ऊब एक. थंडीत जंतू आळसावतात, म्हणून आम्ही ऊबसुद्धा रोज मोजली. फरक फक्त जंतूंचा."

ऊब एक. मी ट्रे खाली ठेवला. 

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. तिसरं पिंप तुझ्या जंतूंमुळे साफ झालं की माझ्या पोत्यांमुळे, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. कदाचित दुसऱ्यालाही पोती लावली असती तर तेही तितकंच साफ झालं असतं. कदाचित नसतंही. तू मोजत होतीस, पण मोजायच्या वेळी मी पोती काढून ठेवत होतो.

आणि मी बोललो नाही. तू घरी जाताना रिक्षात बसलीस, बाहेर डोकावून म्हणालीस, "रशीद, विरजणच ते. मानलं." मी हात हलवला. त्यानंतर अकरा दिवसांनी तू गेलीस. त्या अकरा दिवसांत आपण चार वेळा फोनवर बोललो. चारही वेळा माझ्या जिभेवर होतं.

तुझ्या जनाज्याला कॉलेजची माणसं आली, बंदरावरची आली, वाडीवरची आली. असरच्या नमाजानंतर तुला नेलं. कबरीत उतरायला सख्खा भाऊ मी एकटाच. खालची माती इतकी गार होती, आपा. तुला उजव्या कुशीवर करून ठेवलं आणि माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली असेल? की अंगावरची शाल काढून तुझ्यावर घालावी. हात शालीला गेलाही होता. वरून मौलाना म्हणाले, "रशीदभाई, राहू द्या. कफन पुरे." मी वर आलो. तीन मुठी माती टाकली. घरी येऊन पाहिलं तर शाल खांद्यावर तशीच होती.

मला राहून राहून अब्बांच्या दुकानातला तो दिवस आठवतो. तू अठराची, मी बाराचा. कॉलेजातून लॅक्टोमीटर घेऊन आली होतीस. भर सकाळी, दुकानात सातआठ गिऱ्हाइकं उभी असताना, तू तो आपल्याच कॅनमध्ये सोडलास. तो खाली खाली गेला. कुणीतरी विचारलं, "काय गं, काय सांगतोय तो?" आणि तू सरळ सांगितलंस, "दुधात पाणी आहे." अब्बांनी कॅन उचलून आत नेला. पुढे चार महिने ते तुझ्याशी बोलले नाहीत. गिऱ्हाइकं तुटली, शाळेत पोरं मला 'पाणीवाला' म्हणायला लागली. मी तुला रडून विचारलं होतं, घरातली गोष्ट घरातच का नाही सांगितलीस. तू म्हणालीस, "घरात सांगितली असती तर घरातच राहिली असती."

हे मी तुला कित्येक वर्षं माफ केलं नव्हतं. आणि त्यानंतर अब्बांनी कधी दुधात पाणी घातलं नाही, आज माझ्या डेअरीच्या दुधावर लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात तो त्या दिवसापासूनचा, हेही मी तुला कधी सांगितलं नाही. हे आत्ता सांगतोय. शुक्रिया, आपा. फार उशीर झाला.

तू गेल्यावर आठव्या दिवशी हिराबाईंचा फोन आला. मच्छीमार सोसायटीची सभा ठेवलीय, ताईंनी पिंपांचा निकाल लिहून पाठवलेला कागद वाचायचाय, तुम्ही घरचे म्हणून या. पुढे म्हणाल्या, "होडीवाले म्हनतात, आता जंतू खातील सगळं, मग तळाचं पानी सोडलं तर काय बिघडलं. ताईंचा कागद त्यांना पायजेच आहे." मी फोन ठेवला. तू जन्मभर ज्या पाण्यासाठी भांडलीस त्यात आता तुझ्याच नावाने तेल सोडलं जाणार होतं. माझ्या पोत्यांमुळे.

शबानाला सगळं सांगितलं. तिने चुलीवरचं दूध उतरवलं. मग म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. आपा गेल्या. त्यांचं नाव तरी राहू द्या. जंतूंमुळे झालं नाही असं पण तुम्हाला कुठं माहीत आहे?" तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मलाही तेच म्हणायचं होतं, म्हणून तर मी तिला विचारायला गेलो होतो. सकाळी सखूमावशीलाही आडून विचारलं, एखाद्याची चूक झाली आणि ती कुणाला ठाऊकच नसली तर? ती कॅन पालथा करत म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हून उजडायचं ऱ्हातंय व्हय?" आणि पावती घेऊन गेली.

मी त्याच मासळीच्या टेम्पोतून घाट उतरलो. सभा जेट्टीवरच्या जाळ्यांच्या शेडमध्ये होती. तुझा फोटो ठेवला होता, हार घातला होता. कागद वाचायला मलाच उभं केलं. 'तिन्ही पिंपांना ऊब सारखी होती' या ओळीपर्यंत वाचलं आणि कागदाची घडी घातली. म्हटलं, "ही ओळ खरी नाही. ताईंना ठाऊक नव्हतं. चूक माझी आहे." मग पोत्यांचं सगळं सांगितलं. सखूमावशीचं, दह्याचं, मान हलवल्याचं. तुझ्या फोटोकडे पाहायची हिंमत झाली नाही.

मागून एक होडीवाला हसला. "म्हंजे काय भाऊ, समुद्राला गोधडी घालायची काय आता?" शेडमध्ये हशा झाला. तू असतीस तर त्याला चांगलं सुनावलं असतंस. मी हातातल्या कागदाची घडी आणखी बारीक करत राहिलो. दुधात पाणी आहे हे सांगताना तुला कसं वाटलं असेल, ते मला तेव्हा समजलं. मला इतकी वर्षं वाटायचं की तुला ते सोपं गेलं.

हिराबाई उठल्या. हसणाऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "हसायला काय झालं? ताई असत्या तर त्यांनीच हे पहिलं सांगितलं असतं." मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, मंजी आता आमाला ठाऊक न्हाय की तुमचे जंतू तेल खातात का."

"खातात. पण तेवढ्याने भागतं का, ते ठाऊक नाही."

"मग ठाऊक होईपरेंत कुनी तळाचं पानी खाडीत सोडायचं न्हाय. लिवा कागदावर." आणि मला म्हणाल्या, "तुमी परत करा. यंदा नीट करा."

येताना बायकांनी स्वतः पाण्यात उतरून बावीस कॅन भरून दिले. एक म्हातारी कॅनचं झाकण लावताना म्हणाली, "ताईंना खूप गार वाजायचं हो हितं. शाल घेऊनच पान्यात उतरायच्या." मला हे माहीत नव्हतं, आपा. तुझ्याबद्दल मला किती थोडं माहीत होतं.

तुझ्या जंतूंची शेवटची बाटली डेअरीच्या फ्रिजमध्ये होती, दह्याच्या भांड्यांच्या मागे. तुझ्या हाताने लिहिलेली चिठ्ठी वर आहे, 'रशीद, हे दही नाही.' मी पिंपं घासली, पाणी भरलं, डिझेल ओतलं, खत मोजून घातलं. तिसऱ्यात तुझे जंतू. तुझं विरजण खरं ठरलं तर जेट्टीवर जाऊन मोठ्याने सांगेन. खोटं ठरलं तर तेही सांगेन, त्याच शेडमध्ये. काहीच न कळलं तर तेही. वही तीच ठेवलीय, तुझ्या शेवटच्या आकड्याखाली रेघ मारून.

काल पुन्हा थंडी पडली. संध्याकाळी पातेल्यांना पोती लावली, दह्याची. मग आठ पोती उरली. एक उचलून मी सवयीने मागच्या अंगणात गेलो आणि तिसऱ्या पिंपापाशी उभा राहिलो. हात लावला. गार होतं. तेवढ्यात सखूमावशी कॅन न्यायला आली.

"आज त्याला पोतं न्हाई लावलं?"

"नाही मावशी. ही आठ पोती उद्या गिरणीत परत द्यायचीत."

"आरं, पर गारठंल की रं ते."

"गारठू दे," म्हटलं. आणि आत जाऊन, तू गेल्यापासून पहिल्यांदा, पोटभर रडलो.